ठेंगणा ओटा

आमच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा ठेंगणा होता. किती ठेंगणा, तर भाजी चिरताना माझी मान खाली, कंबर वाकडी आणि वेणी पुढे येऊन थेट कणकेच्या परातीत. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरीत तेव्हा नवीन नवीन घरं उठत होती आणि प्रत्येकीला दुसरीच्या स्वयंपाकघरात डोकावायची घाई असायची. बाया यायच्या, ओटा बघायच्या आणि हळहळायच्या, “अवं, मिस्त्रीनं फसवलं तुले!” मी म्हणायची, “फसवलं खरं.” मिस्त्री बिचारा वर्ध्यात कुठेतरी दुसऱ्याच्या भिंती चढवत असेल आणि त्याला उचक्यांवर उचक्या लागत असतील.

खरं म्हणजे मिस्त्रीचा काही दोष नव्हता. ते माप मी दिलं होतं, आणि ते माझ्या सासूच्या कोपराचं होतं.

सासूला मी आत्याबाई म्हणत असे. त्या आंजीला, शेतीवर, माझ्या मोठ्या जावेकडे राहायच्या. आम्ही दोघं वर्ध्याला, हे कचेरीत आणि मी प्राथमिक शाळेत. आत्याबाई उंचीनं माझ्या खांद्याला जेमतेम लागायच्या, पण आवाज असा की घरातून हाक मारली तर वावरातला गडी ओ द्यायचा. त्यांचा सगळा जीव एका गोष्टीत होता, भादव्यातल्या महालक्ष्म्यांत. पहिल्या दिवशी ज्येष्ठा-कनिष्ठा यायच्या, दुसऱ्या दिवशी त्यांचं जेवण. पुरण, सोळा भाज्या, कढी, वडे आणि ज्वारीची आंबिल. सुनांनी वाटायचं, चिरायचं, लाटायचं. पुरण आणि आंबिल मात्र आत्याबाईंचीच. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्यांनी त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता.

मग त्यांचे गुडघे गेले. एका वर्षी जेवणाच्या दिवशी त्या चुलीपुढे बसल्या आणि त्यांना उठताच येईना. जावेनं आणि मी दोन्हीकडून धरून उचललं. आंबिल जावेनंच ढवळून उतरवली. दुसऱ्या दिवशी मुखवटे पुसून पेटीत ठेवताना आत्याबाई जावेला म्हणाल्या, “पुढच्या वर्षीपासून तूच करजो बाई सगळं. माहं झालं आता. मी कोपऱ्यात बसून वाती वळीन.”

जाऊ रडली. मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते कळेना, बहुतेक त्या गुडघ्यांचाच. माझं हे असंच आहे, वाईट वाटलं की मी आधी भडकते.

त्याच हिवाळ्यात आमच्या घराचं बांधकाम सुरू झालं. ज्यांना बसता येत नाही त्यांना उभं तर राहता येतं, एवढा साधा हिशेब मी केला. आत्याबाई बांधकाम बघायला आल्या, तेव्हा त्यांना अर्धवट भिंतीपाशी नेलं आणि म्हटलं, “इथे उभ्या राहा आणि पोळी लाटता तसे हात करा.”

“काऊन?”

“खिडकीची उंची पाह्यची हाये.”

“खिडकीत पोळ्या लाटतेस का वं?” त्या म्हणाल्या. पण हात केले. रिकाम्या हवेत झकास पोळी लाटली, उलटली, वर पीठसुद्धा भुरभुरवलं. मी विटेच्या तुकड्यानं त्यांच्या कोपराखाली भिंतीवर रेघ ओढली. त्या गेल्यावर मिस्त्री ती रेघ बघून म्हणाला, “ताई, हे तर लेकराच्या खेळन्याचं माप हाये. मागून मले शिव्या नका देजा.” मी म्हटलं, “तुम्ही बांधा.” आणि पुढचे कित्येक महिने त्याच्या नावानं शिव्या खुशाल खपवून घेतल्या.

आत्याबाईंना खरं का सांगितलं नाही? अहो, सांगितलं असतं तर त्यांनी ओटा होऊच दिला नसता. त्यांच्यासाठी कुणी काही केलं की त्यांना कानकोंडं व्हायचं. नवं लुगडं आणलं तरी आधी भांडण आणि मग घडी मोडायची.

ओट्यावर कडप्पा घातला. आम्ही दोघं स्टेशनजवळच्या फरशीवाल्याकडून तो काळा दगड निवडून, बंडीत कडबा अंथरून घरी घेऊन आलो. काय देखणा होता! घासून गुळगुळीत केलेला, काळाभोर, खिडकीच्या उजेडाचा चौकोनी तुकडा त्यात जसाच्या तसा दिसायचा. मी बंडीमागून चालत आले, प्रत्येक खड्ड्याला “हळू, हळू” करत. गाडीवान शेवटी म्हणाला, “बाई, नवरी घेऊन चाललो का दगड?” घरात दगड बसला, त्यावर गॅसची शेगडी आली आणि मी रोज सकाळी चहाच्या आधी ओटा पुसू लागले. हे म्हणायचे, “एखाद्या दिवशी माझाही चष्मा पूस त्याच फडक्यानं.”

भादवा जवळ आला तशी मी आंजीला जाऊन फर्मान सोडलं. यंदा महालक्ष्म्या पिपरीला. जाऊ खूश झाली. “ने बाई, ने. एक वर्ष मीपण आयती जेवीन अन् पापड कच्चा हाये म्हणून नाक मुरडीन.” आत्याबाई मात्र वाती वळत राहिल्या. महालक्ष्म्या कुठेही बसल्या तरी आंबिल दुसरीच ढवळणार, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

सणाच्या आधी त्या मुखवट्यांची पेटी आणि पितळी भांड्यांचं गाठोडं घेऊन एस. टी.नं आल्या. स्वयंपाकघरात शिरल्या, ओट्यावर तळहात फिरवला. चेहऱ्यावर आवडल्याची खूण उमटली, ती त्यांनी लगेच पुसून टाकली. “दगड चांगला हाये,” त्या म्हणाल्या. “पण त्या मिस्त्रीचं वाटोळं होवो! माह्या सुनेची कंबर मोडली मेल्यानं.” मी म्हटलं, “आत्याबाई, तुम्ही एकदा करून तर पाहा इथे.” “उभ्यानं? महालक्ष्मीचा सैपाक उभ्यानं? हॉटेल हाये का हे?” आणि स्टुलावर बसून पालक निवडू लागल्या. ओट्याला पाठ करून.

म्हणजे बघा, एवढा खटाटोप केला आणि बाई पाठ करून बसल्या. मी भांडी आपटली थोडी. त्यांनी पालक निवडला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले आणि इकडे त्यांनी पितळ घासायला काढलं. चिंच, मीठ, राख. समया, तांब्या, घंगाळ, सगळं सोन्यासारखं केलं. चिंचेचा कोळ बराच उरला. वाया कसा घालवायचा? आमच्या आत्याबाई पोह्याचा एक दाणा सांडला तर उचलून तोंडात टाकणाऱ्या. समोर ओटा होता. एवढं पितळ चमकलं तर दगड का नाही चमकणार, शिवाय सुनेनं शाळेतून येऊन बघावं की सासू नुसती बसून नव्हती. त्यांनी सगळा कोळ ओट्यावर थापला, मीठ भुरभुरवलं, थोडा वेळ मुरू दिला आणि नारळाच्या शेंडीनं खसखसून घासला. पाण्यानं धुतला. ओला दगड काळाकुळकुळीत दिसला. त्या समाधानानं चहा प्यायला बसल्या.

आणि मग ओटा वाळला.

मी घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात तळं साचलं होतं. आत्याबाई हातात तांब्या घेऊन ओट्यावर पाणी शिंपडून राहिल्या होत्या.

“हे काय चाललं हाये?”

“काई नाई. थंडा करून राह्यली.”

“कोणाले?”

“ओट्याले. गरम होते न तो गॅसनं.”

बाहेर पावसाची झड लागलेली, अंगावर शाल घ्यायचे दिवस, आणि ह्या ओटा थंड करत होत्या! मी फडकं घेतलं तर त्यांनी माझा हात धरला. “राहू दे वं. ओला बरा दिसते.” तेवढ्यात शेगडीमागचा कोपरा वाळत आला आणि मला दिसलं. काळा दगड पांढुरका झाला होता. कुठे राखेचा रंग, कुठे ओघळ, कुठे बोटांचे गोल गोल फराटे. हात लावला तर खरखरीत. खिडकीचा उजेड त्यात दिसेनासा झाला होता. मी फडक्यानं सगळा पुसला आणि सगळाच तसा निघाला.

“चिंच?” मी विचारलं.

“उरली होती,” त्या म्हणाल्या.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण एक होतं, “दगड हाये तो, घंगाळ नाई!” शेजारीण भिंतीपलीकडे कढई घासत होती, ती घासायची थांबली.

आत्याबाईंनी एरवी मला सव्वाशेर उत्तर दिलं असतं. आज मात्र त्यांनी तांब्या खाली ठेवला, खोलीत गेल्या आणि पिशवीत लुगडं भरू लागल्या. “मले आंजीच्या गाडीत बसवून दे,” त्या म्हणाल्या. “मुखवटे घेऊन जातो. थोरली करीन तिकडे. माह्यानं आता नाई बसून होत, नाई उभ्यानं होत. एवढ्या हौसेचा तुहा ओटा, त्याचं म्या वाटोळं केलं.”

“माझा?” मी ओरडले. “माझा ओटा? माझा असता तर माझ्या कंबरेला लागला नसता? रोज वाकून वाकून मरून राह्यली मी! मिस्त्री काय आंधळा होता? इकडे या!”

मी त्यांना हाताला धरून ओट्यापाशी आणलं, उभं केलं आणि म्हटलं, “पोळी लाटा.”

त्यांनी हात केले. कोपरं दगडाच्या जरा वर, मनगटं सरळ, खांदे सैल. जसे त्या अर्धवट भिंतीपाशी केले होते तसेच. त्यांनी खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत खाली पाहिलं.

“खिडकी,” त्या म्हणाल्या.

“हो, खिडकी.”

“लबाड कुठची.” मग आत्याबाई त्या खरखरीत दगडावर बराच वेळ हात फिरवत राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी चिंचेच्या हातांनी पुसलं आणि मग डोळे चुरचुरले म्हणून दोघींची आणखी धावपळ झाली. मी त्यांच्या डोळ्यांवर पाणी मारत होते आणि त्या, “मिस्त्रीले उगाच शिव्या देल्या म्या,” म्हणून हसत होत्या. मीही हसू लागले. शेजारणीची कढई परत सुरू झाली.

संध्याकाळी हे आले. ओटा बघून बिचारे आधी माझ्याकडे बघू लागले, आपण काय केलं ते आठवत. सांगितल्यावर सायकल घेऊन फरशीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, आंबट लागलं की हा दगड जळतो, काढून आणा, घासून देतो, पण सणानंतर. मग यांनी स्वतःचं डोकं चालवलं. कपाटातून बुटाच्या पॉलिशची काळी डबी काढली आणि मोठ्या शास्त्रज्ञाच्या थाटात कोपऱ्यावर लावायला निघाले.

“बाप्पा!” आत्याबाई किंचाळल्या. “महालक्ष्मीचा नैवेद्य जोड्याच्या पालिशवर ठेवतं का रे? ठेव ते! ठेव म्हणते न!”

हे डबी घेऊन अंगणात पळाले.

मला एवढं कळत होतं की खरखर गेल्याशिवाय काही खरं नाही. विळ्याला धार लावायचा आमचा बारीक दगड होता. तो घेतला, पाणी टाकलं आणि कोपऱ्यात गोल गोल घासून पाहिलं. करडा चिखल सुटला. पुसला तर खाली नरम लागलं. पण रंग काही आला नाही, पांढुरका तो पांढुरकाच. आत्याबाई मान वाकडी करून बघत होत्या. म्हणाल्या, “घरी दाराच्या चौकटीले दर साली जवसाचं तेल पाजतो आम्ही. बंडीच्या लाकडालेबी. काळं होते, पानी आत शिरत नाई.”

“हे लाकूड नाही, आत्याबाई.”

“चिंचेच्या वक्ती म्या कोणाले इचारलं नाई, आता थोडंसंच लावून पाहू,” त्या म्हणाल्या. शेंगदाण्याएवढ्या जागेवर आधी लावून पाहायचं, असं ठरलं. जवसाचं तेल चटणीसाठी घरात होतंच. बोटाचं टोक बुडवून त्यांनी एक ठिपका लावला. ठिपका काळा झाला. पुसला तरी काळा राहिला. सकाळपर्यंत तो तसाच होता, आणि आम्ही दोघींनी त्या ठिपक्याकडे पाहून लहान पोरींसारख्या टाळ्या पिटल्या.

शाळेला मी सुट्टी टाकली. दोघी ओट्याच्या दोन टोकांना लागलो. पाणी टाकायचं, दगड फिरवायचा, चिखल पुसायचा, परत पाणी. मी वाकून, त्या सरळ उभ्या राहून. त्यांचा हात पाट्यावर मिरची वाटून तयार झालेला, एकसारखा फिरायचा. माझ्या बाजूला वेडेवाकडे फराटे उठले की म्हणायच्या, “मास्तरीन, पोरायच्या पाटीवर लिवतेस का?” मधे चहा झाला, माहेरच्या गोष्टी झाल्या, जावेची यथेच्छ नक्कल झाली. माझी कंबर धरली म्हणून मी स्टुलावर टेकले. त्या घासतच होत्या. आणि अचानक हात थांबवून त्या म्हणाल्या,

“अवं, मी केव्हाची उभी हाये?”

“सकाळपासून.”

त्यांनी एक गुडघा जरा वाकवून पाहिला. मग दुसरा. कुरकुर होती, पण रोजचीच. तोंडावर असं हसू पसरलं की मी ते विसरायची नाही. “मंग आंबिल किती वेळाची असते?” त्या स्वतःशीच बोलल्या, आणि अशा जोरानं घासू लागल्या की मला म्हणावं लागलं, दगडाला भोक पाडाल.

वाळलेल्या दगडावर आम्ही तेल लावलं, जुन्या धोतराच्या फडक्यानं चोळलं, मुरू दिलं, उरलेलं कोरडं पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी परत एक हात दिला. घरभर जवसाचा वास भरला होता. पूर्वीची ती दुकानातली चकाकी आली नाही. पण दगड काळा झाला, मऊ झाला आणि खिडकीचा उजेड त्यात पुन्हा दिसू लागला, थोडा पुसट. शेगडीमागे एक पांढरा फराटा राहिलाच. तो हटेना. आत्याबाई म्हणाल्या, “राहू दे. माही सही हाये ती.”

त्याच दिवशी कायदे झाले. लिंबू चिरायचं तर ताटलीत. दही, कढी, चिंच सांडली की लगेच ओलं फडकं. तापलेला तवा थेट दगडावर नाही. राख तर ओट्याच्या आसपाससुद्धा नाही. कायदे करणाऱ्या आत्याबाई आणि मोडला की ओरडणाऱ्याही त्याच. जणू चिंच मीच थापली होती! सणाच्या आदल्या दिवशी आलेल्या जावेनं अर्धं लिंबू ओट्यावर ठेवलं मात्र, आत्याबाई अशा धावल्या की जाऊ म्हणाली, “आई, गुडघे बरे झाले वाटते!”

महालक्ष्म्या येण्याच्या संध्याकाळी दारापासून पिठाची पावलं काढायची, ती घरभर फिरवून चुलीपर्यंत न्यायची, ही आमची रीत. आंजीला चूल जमिनीवर, त्यामुळे पावलं सरळ जायची. इथे आत्याबाई दाराकडून मुठीनं पावलं उमटवत आल्या नाहीत, त्यांना वाकवत नव्हतं, पावलं मी काढत होते आणि त्या मागून “टाच बारीक काढ, म्हैस येऊन राह्यली का लक्ष्मी?” करत होत्या. ओट्यापाशी येऊन मी थांबले. आता चूल वर आणि पावलं खाली. जाऊ म्हणाली, “राहू दे इथेच, देवीले समजते.”

“देवी एवढ्या दुरून आली आन् चुलीपाशी नाई जाईन?” आत्याबाईंनी माझ्या हातातली पिठाची वाटी घेतली. ओट्याच्या विटांच्या भिंतीवर त्यांनी एकावर एक पावलं चढवली. मग काळ्या दगडाच्या काठावर एक, पुढे एक, आणि शेवटचं शेगडीच्या अगदी पुढ्यात. काळ्यावर पांढरी, इतकी ठसठशीत पावलं मी आंजीच्या सारवलेल्या जमिनीवर कधी पाहिली नव्हती. मी सरळ त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. देवीच्या आधी.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या न्हाऊन, सोवळ्याचं लुगडं नेसून ओट्यापाशी उभ्या राहिल्या. पुरण शिजवलं, आंबिल ढवळली, वड्यांचं तेल स्वतः पाहिलं. मधे दोनदा स्टुलावर टेकल्या, तेही मी डोळे वटारले म्हणून. आंबिलीचा एक शिंतोडा उडाला तर पळी तशीच सोडून आधी दगड पुसला. जेवायला आलेल्या बायांपैकी एक स्वयंपाकघरात डोकावून नेहमीप्रमाणे हळहळली, “मिस्त्रीनं ओटा ठेंगणाच केला नाई का?”

“ठेंगणा?” आत्याबाई तडकल्या. “बरोब्बर हाये तो! तुमचेच ओटे उंच झाले.”

सण झाला, त्या आंजीला गेल्या. मी परत वाकून पोळ्या लाटू लागले. मला त्याचं दुःख नव्हतं, आता तर मुळीच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दारात आंजीची बंडी थांबली. वर आत्याबाई बसलेल्या आणि शेजारी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड. यांनी आणि गाडीवानानं धापा टाकत ते आत आणलं. तो त्यांचा पाटा होता. चुलीशेजारचा, ज्यावर त्यांनी जन्मभर वाटलं, ज्याची यांच्या जन्माच्या पाचव्या दिवशी पूजा झाली होती, तो दगडी पाटा.

“मले आता बसून वाटनं होत नाई,” त्या म्हणाल्या. “तिथं पडून काय करन तो?”

ओट्याच्या डाव्या टोकाला त्यांनी गोणपाटाची घडी घातली, कडप्प्याला चरा जाऊ नये म्हणून. त्यावर दोन विटा ठेवायला लावल्या आणि विटांवर पाटा पालथा, सपाट बाजू वर. वर माझा पोळपाट ठेवला. मग मागे सरून, कंबरेवर हात ठेवून मला म्हणाल्या,

“उभी राह्य तिथं. पोळी लाटतेस तसे हात कर.”

“काऊन?” मी विचारलं.

“खिडकीची उंची पाह्यची हाये,” आत्याबाई म्हणाल्या.